येसबा पडला

नीट मांडी घालून बसा. ही गोष्ट उभ्याउभ्या ऐकायची नाही. हिच्यात माणसं फार पडतात, आणि शेवटी जो पडला त्याच्यासाठीच तर ती सांगायची.

फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हता आणि पल्याड जायला भोपळ्यांच्या सांगडीवर बसावं लागायचं, तेव्हा काळढव गावात एकच तालीम होती. दगडी, बुटकी, आत शिरताना भल्याभल्याला मान वाकवावी लागेल अशी. आत कोनाड्यात मारुती आणि मधोमध लाल मातीचा हौदा. त्या मातीत ताक मुरलेलं, तेल मुरलेलं, हळद आणि लिंबू मुरलेलं. साऱ्या मुलखात त्या हौद्याचं नाव होतं ते एका डावासाठी, ढाकेसाठी. ढाक म्हणजे समोरच्याला उभ्याउभ्या बगलेत धरायचं आणि मांडीवरून पलीकडे फेकायचं. काळढवचा पैलवान हातात हात देऊन बाजूला झाला की समोरचा आडवाच दिसायचा, असं म्हणतात. दुसरं त्यांना फारसं काही येत नव्हतं, आणि दुसऱ्याची कधी गरजही पडली नव्हती.

तालमीचे वस्ताद होते भैरूनाना. माणूस मनाचा मऊ, पण शिस्तीला असा कडक की त्यांच्या पुढ्यात बसायला माशीसुद्धा दोनदा विचार करायची. त्यांच्या दोन गोष्टी पक्क्या होत्या. एक, पाठ मातीला लागली की माणूस संपला. आणि दुसरी, या मातीत उतरलेल्यानं दुसऱ्या मातीचा डाव शिकायचा नाही. तालमीत नवं पोरगं आलं की नाना हौद्यातली चिमूटभर माती त्याच्या कपाळाला लावायचे आणि त्याच्याकडून वदवून घ्यायचे, 'ह्याच मातीचा डाव खेळीन.' ही आण मोडली त्याला तालमीचं दार बंद.

आता आपला येसबा. हा कुंभाराचा. हौद्याची माती करून द्यायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडे होतं. चाळायची, भिजवायची, तुडवायची, पुन्हा चाळायची. येसबा पाय फुटल्यापासून माती तुडवत होता, त्यामुळे त्याच्या पायात जो जोर आला तो खुराकानं येत नाही. एकदा बापाचं चाक गरगर फिरत असताना त्यानं करंगळी लावून ते थांबवलं, तर चाक थांबलं आणि घर फिरायला लागलं, असं म्हणतात. घर फिरलं की नाही ते मारुती जाणे. पण भैरूनानांनी पोरगं हेरलं आणि बापाकडून मागून घेतलं, एवढं खरं.

तालमीत येसबाचा जोडीदार होता मल्हारी, नानांचा पुतण्या. सकाळी दोघांनी एकमेकांची मानगूट रगडायची आणि दुपारी एका ताटात जेवायचं, असा त्यांचा जीव. मल्हारी चांगला होता, येसबा त्याहून चांगला. मल्हारीला ते माहीत होतं आणि त्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. असा जोडीदार मिळायला नशीब लागतं.

त्या काळी मुलखात एक रीत होती. आता ती राहिली नाही, बरं झालं. एखाद्या तालमीचे झाडून सगळे पैलवान एकाच फडात एकाच माणसानं पाडले, तर तो त्या हौद्यातली मूठभर माती घेऊन जायचा. मग त्या हौद्यावर बाभळीच्या फांद्या टाकायच्या. ती माती जिंकून परत येईपर्यंत त्या हौद्यात कुणी पाय ठेवायचा नाही. आणि जिंकून आणणारा त्याच तालमीचा पैलवान पाहिजे. दुसऱ्यानं आणून दिली तर ती भीक झाली, आणि भीक घेऊन हौदा उघडत नाही.

एका जत्रेला कानडी मुलखातून चंद्रगौडा नावाचा पैलवान आला. तो वेशीतून आत शिरला तेव्हा दावणीची बसलेली जनावरं उठून उभी राहिली, असं म्हणतात. फडात उतरला तो वाकूनच उतरला, आणि वाकलेलाच राहिला. काळढवच्या पोरांना कळेना की याला धरायचं कुठं. उभ्या माणसाला ढाक मारता येते. जो उभाच राहत नाही त्याला काय मारणार? गौडा खालून शिरायचा, पाय धरायचा आणि भाकरी परतावी तसा माणूस परतायचा. एकामागून एक सगळे परतले. मल्हारीही परतला.

येसबा तेव्हा होता कुठं? भट्टीपाशी. बाप तापानं फणफणलेला, आणि भट्टी पेटलेली. पेटलेली भट्टी सोडून कुंभार उठत नाही, उठला तर वर्षाची मडकी कच्ची राहतात. येसबा जाळ सारत होता आणि फडातली हलगी ऐकत होता. हलगी पुन्हापुन्हा थांबायला लागली तसा तो जाळ भराभर सारायला लागला. शेवटी जाळ बसला आणि तो राखेनं माखलेलाच धावत सुटला. पोचला तेव्हा गौडा धोतराच्या सोग्यात माती बांधत होता.

"अजून एक हाय, मी हाय," येसबा म्हणाला.

नानांनी मान हलवली. "फड संपला, येसबा. फडात नव्हता तो मोजत न्हाईत."

त्याच संध्याकाळी हौद्यावर बाभळीच्या फांद्या पडल्या. येसबाला तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण त्या भट्टीतलं एकही मडकं गावात खपलं नाही. बायका यायच्या, मडकं वाजवून बघायच्या आणि ठेवून जायच्या. येसबाला ते बोलण्याहून जास्त लागलं. बाप बरा झाल्यावर तो नानांकडे गेला आणि म्हणाला, माती मी आणतो.

नाना म्हणाले, "जा. पण आपल्या मातीचा डाव घिऊन जातूयास, त्योच घिऊन परत ये. दुसऱ्याचा शिकलास तर तू आमचा न्हाईस. आन मग तू आणलेली माती बी आमची न्हाई."

"व्हय नाना," म्हणून येसबानं पाय धरले.

चालत चालत तो गौडाच्या गावी पोचला. तिथली माती काळी. गौडानं त्याला आधी जेवायला घातलं, मग हौद्यात घेतलं. येसबा हुशारीनं थांबला, गौडाला वर उठू दिलं, आणि उठल्याबरोबर अशी ढाक मारली की गौडा पाठीवर सपशेल आपटला. पाठ लागली. काळढवच्या माणसाला आणखी काय पाहिजे? येसबानं हात सोडले, उभा राहिला आणि लोकांना नमस्कार करायला हात जोडले.

इथंच चुकला बिचारा. त्या गावात पाठ लागली म्हणून कुस्ती सुटत नव्हती. पडलेल्यानं आपल्या हातानं मातीवर थाप मारून 'बस' म्हटलं, तरच सुटायची. येसबा नमस्कार करतोय, आणि खालून गौडानं त्याचा पाय ओढला. तो पालथा पडला, गौडा पाठीवर बसला, हात असा पिळला की येसबाला थाप मारावी लागली. लोक हसले नाहीत. गौडाही हसला नाही.

"तू चांगलं आहेस रे," गौडा म्हणाला. "पण तुजं खेळ अर्धं आहे. माणूस पडल्यावर काय करतोय, ते तुला ठाऊकच नाही. पुन्हा ये. माती मी जपून ठेवतोय."

येसबा निघाला. घरी जायला तोंड नव्हतं आणि पुन्हा लढायला डाव नव्हता. हात गळ्यात बांधून तो एका गावाबाहेर चिंचेखाली बसला होता. तिथं डोंबाऱ्यांचा खेळ चालू होता. त्या खेळाची मालकीण होती धोंडाई, चार पोरांची आई, स्वतः दोरीवर चालणारी. हात कशानं गेला ते तिनं विचारलं, आणि येसबानं सांगितल्यावर ती तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"पैलवान, एवढं मोठं अंग, आन तुमाला पडायला कुनी शिकवलं न्हाई व्हय?"

"आमी पडत न्हाई," येसबा म्हणाला.

"आमी रोज पडतो. पोटासाठीच पडायचं. भिऊन पडलं की हाड मोडतं, आन पडायचंच हाय म्हनून पडलं की माणूस तिथनंच उठतं." मग ती म्हणाली, "शिकवीन. पर फुकट न्हाई. तुमच्या मातीचा एक डाव माझ्या पोरांना द्या."

येसबा दुपारभर त्या चिंचेखाली बसून राहिला. शिकलो नाही तर हौदा बंद राहणार. शिकलो तर हौदा उघडला तरी आपल्याला बंद राहणार, आणि उघडेल तरी कसा, कारण आपली आणलेली माती घेणारच नाहीत. एका बाजूनं विचार केला तरी तेच, उलटून केला तरी तेच. कपाळावर नानांनी लावलेली माती त्याला आठवली आणि तो लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसले आणि धोंडाईच्या थोरल्या पोराला बोलावून ढाक दाखवली. आण मोडली ती तिथं, चिंचेखाली, भर दुपारी, कुणी जबरदस्ती न करता.

त्यानंतर मग त्यानं मागं पाहिलं नाही. धोंडाईनं त्याला पडायला शिकवलं. पुढं माळावर बिरू नावाचा धनगर भेटला, तो मेंढ्यांची लोकर कातरत होता. केवढाही दांडगा मेंढा असो, बिरू त्याला ढुंगणावर बसवायचा, दोन गुडघ्यांत धरायचा आणि कातर चालवायचा. मेंढा हूं की चूं करत नव्हता. येसबा बघतच राहिला.

"जोर लावतोस कुठनं?" त्यानं विचारलं.

"जोर लावला तर त्यो बी लावनार की," बिरू म्हणाला. "त्येला आपलं ओझं द्यायचं. त्यो दमला की आपन कातरायचं."

येसबानं आठ दिवस मेंढ्या धरल्या, तेव्हा कुठं एक मेंढा त्याच्या गुडघ्यांत गप्प बसला. बिरूलाही त्यानं एक डाव दिला. तिथून घाट उतरून खाडीवर गेला आणि पाय चिखलात रुतला असताना जोर कसा आणायचा ते नावाड्यांकडून शिकला. जाईल तिथं एक डाव द्यायचा आणि एक घ्यायचा. पोटासाठी मडकी करून द्यायची. आणि निघताना तिथली मूठभर माती झोळीत टाकायची. ती कुणाला हरवून घेतलेली नव्हती. कुंभाराचा हात, नवी माती दिसली की राहवत नाही. ज्या ज्या गावी तो शिकला तिथं त्याच्या हातचा एक रांजण असतो आणि त्यातलं पाणी उन्हाळ्यात आटत नाही, असं म्हणतात.

मग तो पुन्हा गौडाच्या दारात उभा राहिला. ती कुस्ती सकाळी लागली. गौडानं पाय ओढला, येसबा पडला आणि पडतापडताच उठला. गौडानं पुन्हा पाडला, तो पुन्हा उठला. दोघांच्या पायांनी हौद्याची माती इतकी उपसली गेली की दुपारपर्यंत तो कमरेइतका खोल झाला, आणि उन्हं कलली तेव्हा माणसं काठावर पालथी झोपून आत वाकून बघत होती. असं म्हणतात की शेवटी शेवटी हौद्याला पाणी लागलं. तो हौदा आजही तिथं विहीर म्हणून वापरतात. त्या पाण्यात, चिखलात, येसबाचा एक पाय रुतला तसा त्यानं नावाड्यांसारखा त्याच पायातून जोर आणला, गौडाला खाली घेतलं, दोन गुडघ्यांत धरलं आणि आपलं ओझं दिलं. आणि या वेळी हात सोडले नाहीत. गौडा बराच वेळ धडपडला. मग गप्प झाला. मग त्यानं चिखलावर थाप मारली.

गौडानं घरातून काळढवच्या मातीची पुरचुंडी आणली. कापूर घालून ठेवली होती त्यानं, देवाच्या वस्तूसारखी. ती हातात देऊन तो तिथंच चिखलात बसला आणि म्हणाला, "आता बस. ज्यानं मला धरलं ते काय होतं, ते दाखव. हरलेल्याचं एवढं तर हक्क आहे."

येसबानं दाखवलं. सावकाश, हात कुठं, गुडघा कुठं, सगळं उघडून दाखवलं. गौडानं दोनदा करून बघितलं आणि त्याच्या पाठीवर थोपटलं.

येसबा काळढवला परतला तेव्हा तो सांगडीवर असतानाच लोकांनी त्याला ओळखलं. हलगी काढली, गुलाल काढला. सगळं गाव त्याच्या मागं तालमीपर्यंत आलं. नाना दारात बसले होते. तोवर त्यांची नजर पार अधू झाली होती, माणूस आवाजानं ओळखायचे. येसबानं पुरचुंडी त्यांच्या पायाशी ठेवली. नानांनी ती चाचपली, वास घेतला. ती त्यांचीच माती होती.

"कुठल्या डावानं जिंकलास?" त्यांनी विचारलं.

नानांच्या मागं मल्हारी उभा होता. तो डोळ्यांनी सांगत होता, ढाक म्हण, ढाक म्हण. म्हटलं असतं तर कुणाच्या बापाला कळणार होतं? हौदा उघडला असता, गुलाल उधळला असता, आणि आपली गोष्टही इथंच संपली असती.

"आपल्या न्हाई, नाना," येसबा म्हणाला. "धनगराच्या डावानं जिंकलो. पडायला डोंबारणीकडनं शिकलो. जोर नावाड्यांचा. लई ठिकाणी शिकलो, आन आपले डाव बी लई ठिकाणी दिले."

हलगी बंद झाली. नानांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनाही दुसरं उत्तर ऐकायचं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण ते म्हणाले, "मग ही माती आमची न्हाई."

गावाला राग आला. कुणी म्हणालं म्हातारा हट्टी आहे, कुणी म्हणालं वस्तादाचा शब्द तो शब्द. येसबा मात्र खाली वाकला आणि त्यानं पुरचुंडी पुन्हा उचलली.

"बरं नाना. मी बाहेरचा, हे मला कबूल. पर मग ही माती आता बाहेरच्या पैलवानाकडं हाय. तालमीच्या गड्यानं जिंकून न्यायची, हीच रीत हाय न्हवं? कुणी बी यावं आन माझ्याकडनं जिंकून न्यावी."

नानांनी त्याच्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "आन तू मुद्दाम पडलास तर?"

"एक आण मोडली, नाना. तेवढी पुरं झाली. नुरा कुस्ती करनार न्हाई."

गावाबाहेर कुंभारांचं मातीचं शेत होतं, तिथं येसबानं हौदा खणला. झोळीतली सगळी माती त्यात ओतली, माळाची पांढरी, खाडीची करडी, गौडाकडची काळी, आणि बापाच्या मदतीनं तुडवून एक केली. काळढवची पुरचुंडी तेवढी त्यात घातली नाही, ती बाजूच्या कडुलिंबाच्या फांदीला टांगली. आणि वाट बघत बसला.

तालमीचे पैलवान यायला लागले. आले तसे पडले. येसबा कुणालाच दयामाया दाखवत नव्हता. पण गडी पडला की तो त्याला जाऊ देत नव्हता. पुढ्यात बसवायचा आणि म्हणायचा, "बघ, कसा पडलास ते बघ," आणि डाव उघडून दाखवायचा. पहिल्या दिवशी पोरं डोळ्यांवर हात ठेवून पळाली. दुसऱ्याचा डाव बघितला तर तालीम सुटायची. शेवटी मल्हारी नानांकडे गेला.

"नाना, शिकायचं न्हाई हे खरं. पर पडलेल्यानं आपन कसं पडलो, एवढं बघितलं तर चालंल का?"

त्या तालमीत असं कुणी कधी विचारलं नव्हतं, कारण पडलेला माणूस तिथं संपलेला असायचा. नाना विचार करत बसले. ताट आलं ते तसंच परत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एवढंच म्हणाले, "पडलेल्यानं बघावं. न बघून पुना पडायचं, ह्येला काय अर्थ हाय."

मग काय. मल्हारी रोज जायचा, रोज पडायचा आणि रोज बघायचा. एक जत्रा गेली, दुसरी गेली. येसबाचा जीव आता वेगळ्याच गोष्टीला टांगला होता. मुलखात कुणी त्याला पाडू शकत नव्हतं, लांबून लांबून लोक त्याला बघायला यायचे, आणि हा रोज वाट बघायचा की आपल्याला पाडणारा कधी तयार होतो. मल्हारीनं एखादा डाव अर्धा धरला की येसबा चिडायचा, "गुडघा सैल सोडलास, परत कर." चिडायचा तो असा, जणू चूक त्याची स्वतःचीच होती. आणि पुरचुंडी फांदीला हलत राहायची. लिंबाचं ते झाड त्या दोन वर्षांत पानगळीतसुद्धा गळलं नाही, असं म्हणतात. लिंबालाही शेवट बघायचा असेल.

तिसऱ्या जत्रेच्या दिवशी नाना काठी टेकत स्वतः कुंभारांच्या शेतात आले. हौद्याच्या काठावर बसले आणि मातीवर पालथा हात ठेवला. त्यांना आता दिसत नव्हतं, पण मातीच्या थरथरीवरून कोण कुठं आहे हे त्यांना कळायचं. मल्हारीनं शड्डू ठोकला. हलगी सुरू झाली.

येसबानं पहिल्याच झटक्याला ढाक मारली. मल्हारी पडला, पडतापडताच उठला. येसबानं खालून पाय धरला, तर मल्हारीनं रुतलेल्या पायानं जोर परत दिला. येसबाकडे होतं नव्हतं ते सगळं त्यानं काढलं, काही मागं ठेवलं नाही, आणि जे काढलं ते मल्हारीला आधीच माहीत होतं. दोघं दमले. श्वास भात्यासारखे चालले. असं म्हणतात की त्या वेळी गावातली जुनी बंद तालीम आपोआप दणदणली आणि कोनाड्यातल्या मारुतीला घाम आला. इकडं मल्हारीनं येसबाला खाली घेतलं, दोन गुडघ्यांत धरलं आणि ओझं दिलं. येसबा उसळला. पुन्हा उसळला. तिसऱ्यांदा उसळला तसा मल्हारीनं तोच उसळणारा जोर घेऊन त्याला परतला.

हलगी थांबली.

"लागली का पाठ?" नानांनी विचारलं.

मल्हारीला रडू आवरत नव्हतं. उत्तर खालून आलं.

"लागली, नाना," येसबा म्हणाला. आणि त्यानं मातीवर थापही मारली, म्हणजे कुठल्याच गावच्या रीतीला शंका नको.

नाना हौद्यात उतरले. चाचपडत येसबापाशी गेले आणि त्याच्या छातीवर हात ठेवला. काळीज असं उडत होतं की नानांचा हात त्याच्याबरोबर वर-खाली होत होता. नुरा खेळणाऱ्याचं काळीज असं उडत नाही. मग त्यांनी त्याला बसतं केलं आणि पाठीवरून हात फिरवला. दोन्ही खांद्यांना माती लागलेली होती.

"मल्हारी, कुणाचा डाव हा?"

"ज्याला पाडलं त्याचाच, नाना."

नानांनी येसबाच्या पाठीची ती माती बोटांनी काढली, सगळ्या गावांची मिसळलेली, आणि नव्या पोराला लावतात तशी त्याच्या कपाळाला लावली. वदवून मात्र काही घेतलं नाही.

त्या दिवशी तालमीतल्या बाभळीच्या फांद्या नानांनी स्वतःच्या हातानं ओढून काढल्या, काटे मोडले तरी कुणाला हात लावू दिला नाही. पुरचुंडी मल्हारीनं हौद्यात सोडली. आणि मागोमाग कुंभारांच्या शेतातली माती पाट्यांनी भरून आणून येसबानं त्याच हौद्यात ओतली. नानांनी ती पायानं तुडवून बघितली आणि म्हणाले, "चांगली मळलीय."

पुढं येसबा म्हातारा होईपर्यंत माती तुडवत राहिला, आणि त्याची मडकी दारातून उचलून न्यायला बायकांची रांग लागायची. वाजवून बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

आता काळढवला पूल झाला आहे, तालमीला पत्रा झाला आहे, जत्रेच्या फडात लाउडस्पीकर असतो. पण तिथं कुणाची माती कुणी नेत नाही. उलट येणारा पैलवान आपल्या गावची मूठभर माती घेऊन येतो आणि कुंभारांच्या घरातला माणूस ती हौद्यात मळतो. कुस्ती झाली की पहिला नारळ हरलेल्याच्या हातात देतात. आणि जिंकलेल्यानं फेटा बांधून घेण्याआधी हरलेल्याला पुढ्यात बसवून डाव उघडून दाखवायचा असतो. एका वर्षी बाहेरच्या एका नामांकित पैलवानानं दाखवायला नकार दिला, तर त्याचा फेटा बांधला तसा सुटत राहिला, असं म्हणतात. शेवटी कंटाळून बसला आणि दाखवला.

आणि तालमीतल्या एखाद्या पोरानं कधी आपल्या वस्तादालाच पाडलं, खरोखर पाडलं, तर काळढवात कुणी वस्ताद हरला म्हणत नाही. लोक एकमेकांना सांगत सुटतात, येसबा पडला, येसबा पडला. मग वस्ताद अंगावरची माती न झटकता तसाच घरी जातो, आणि आळीभर गूळ वाटतो.